मानधनाचं बोलणं

१९९८ सालचा सप्टेंबर. पुण्यात नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी माझ्या लेखाचं शेवटचं प्रूफ बघायला गेले होते. दिवाळी अंकांची घाई शिगेला पोचली होती. दाराशी कागदाचा टेम्पो उभा होता आणि कागदवाल्याचा माणूस अंकाच्या मालकांना सांगत होता, मागचं मिटल्याशिवाय एक रीम खाली उतरणार नाही. मालकांनी नोटा मोजून दिल्या, रिमं उतरली. थोड्या वेळानं प्लेटा करणारा आला. त्याला निम्मे मिळाले, उरलेले सोमवारी. आतल्या खोलीत बायका फर्मे दुमडत बसल्या होत्या, त्यांचा हिशेब दर शनिवारी नगावर व्हायचा. चहा आणणाऱ्या पोराची वहीसुद्धा खिळ्याला टांगलेली होती. मी माझी अकरा पानं वाचली, चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, सही केली आणि चहा पिऊन निघाले. माझ्या लेखाचे किती आणि कधी, हे मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या छापखान्यात पैशाचं न बोललेली मी एकटीच होते. चेक आला तो होळी होऊन गेल्यावर, ५०० रुपयांचा.

मालक वाईट नव्हते. माझा लेख त्यांनी मनापासून वाचला होता, दोन परिच्छेद मागंपुढं करायला लावून तो चांगला करून घेतला होता. पण ज्याचं बिल समोर येतं त्याचे पैसे चुकते होतात, आणि माझं बिलच नव्हतं.

त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षं मी लिहूनच घर चालवते आहे. दर महिन्याला कुणीतरी विचारतं, ताई, मराठीत लिहून पैसे मिळतात का? कुठं मिळतात? यंदा चैत्रात कराडजवळच्या एका गावातून २४ वर्षांच्या मुलीचा फोन आला. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी झालेली, वडिलांचं गुऱ्हाळ. तिनं सहा ठिकाणी लेख पाठवले होते, एका ठिकाणाहूनही पोच नव्हती. तिला दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून मी माझ्या ओळखीतल्या संपादकांशी, अनुवादकांशी, शब्दांकन करणाऱ्यांशी, मालिकांचे संवाद लिहिणाऱ्यांशी नव्यानं बोलले. त्यातून जे हाती आलं ते इथं मांडते आहे.

आधी शब्दाचं बघू. सुतार मजुरी घेतो, वकील फी घेतो, आणि लेखकाला मिळतं ते मानधन. शब्द देखणा आहे, पण त्यात मान पुढं आणि धन मागं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. तेव्हापासून आजवर अंकांची पानं ज्यांनी भरली त्यांतल्या बहुतेकांची चूल लेखनावर पेटत नव्हती. जी. ए. कुलकर्णी धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवत. व. पु. काळे मुंबई महापालिकेत वास्तुशिल्पी होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत होते, जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्यात. नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. लेखक पगारदार असल्यामुळे मानधनाला मानाचंच रूप राहिलं. मिळालं तर आनंद, नाही मिळालं तरी एक तारखेला पगार आहेच. विजय तेंडुलकरांसारखे लेखणीवर जगलेले लोक होते, पण त्यांनाही वर्तमानपत्रांचा आणि पुढं चित्रपटांचा आधार घ्यावा लागला. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. नुसत्या लेखनावर उभं राहायचं तर केवढा ढीग उपसावा लागतो, हे त्या आकड्यातच दिसतं.

आज लिहू पाहणाऱ्या मुलांना त्या कायमच्या नोकऱ्या नाहीत. कुणी तासिका तत्त्वावर शिकवतं, कुणी स्पर्धा परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नात अडकलेलं असतं. त्यांच्यासाठी मानधन हा महिन्याच्या खोलीभाड्याचा भाग आहे. शब्द तोच राहिला, माणसं बदलली, आणि ही गोष्ट अजून पुष्कळ संपादकांच्या ध्यानात आलेली नाही.

दिवाळी अंकाचं अर्थकारण एकदा नीट समजून घ्यायला हवं, कारण लेखकाला पैसे उशिरा का मिळतात त्याचं मूळ तिथं आहे. अंक विक्रीच्या पैशावर चालत नाही. विक्रेत्याचं कमिशन, न खपलेल्या प्रती, टपाल, हे वजा जाता हातात थोडंच उरतं. अंक उभा राहतो जाहिरातींवर: बँका, पतसंस्था, बांधकाम व्यावसायिक, सराफ, सरकारी महामंडळं. जाहिरातीचं पान ऑक्टोबरात छापलं जातं, बिल दिवाळीनंतर पाठवलं जातं आणि पैसे येतात जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत, काही कधीच नाही. कागद, छपाई, बांधणी मात्र आधी भागवावी लागते. म्हणजे मधले चार-पाच महिने कुणीतरी अंकाला उधार द्यायचं असतं. ही उधारी लेखक देतात. आपण देतो आहोत हे त्यांना माहीत नसतं, एवढंच.

हे मी एका जुन्या संपादकांपुढं मांडलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खरं आहे तुमचं. पण लेखकानं जूनमध्ये विचारलं ना, तर मी जूनमध्येच आकडा धरतो. न विचारणाऱ्याचा आकडा शेवटी उरेल त्यातून निघतो.” त्यांच्या अंकाच्या खर्चाच्या वहीत मानधनाची ओळ आहे, पण ती तळाशी आहे. ती वर नेण्याचं काम लेखकालाच करावं लागेल.

म्हणून वेळापत्रक महत्त्वाचं. मोठे अंक गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत विषय ठरवतात. जूनपर्यंत निमंत्रणपत्रं जातात, जुलै-ऑगस्टात मजकूर येतो, गणपतीत प्रुफं फिरतात. नवा लेखक साधारण ऑगस्टअखेरीस जागा होतो आणि पूर्ण लेख पाठवून देतो. तोवर पानं लागलेली असतात. कराडच्या मुलीनं सहाही लेख सप्टेंबरात पाठवले होते. ते कुणी वाचले नाहीत यात तिच्या लेखनाचा दोष नव्हता. पूर्वी लेखासोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं की ‘साभार परत’ तरी यायचं. आता ई-मेलच्या ढिगात नकारही कळत नाही.

दोष दुसरा होता, आणि तो मी तिला स्पष्ट सांगितला. तिच्या लेखांचे विषय होते आजची तरुणाई, मोबाइल आणि नाती, पाऊस आणि आठवणी. हे विषय संपादकाला रोज वीस जणांकडून येतात. मी तिला विचारलं, तुमच्या गुऱ्हाळावर काय चालतं ते सांग. ती बोलायला लागली आणि पाऊण तास थांबली नाही. काहिलीतल्या रसाला उकळी आली की मळी कशी वर येते, ती काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस का घालतात, पाक उतरवायची वेळ गुळव्या नुसत्या नजरेनं कशी ओळखतो. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस नावाचं रसायन घातलं जातं, आणि गिऱ्हाइकालाही तोच रंग हवा असतो म्हणून बिनरसायनाच्या काळपट ढेपेला बाजारात भाव मिळत नाही. तिचे वडील दोन्ही तऱ्हेचा गूळ करतात. एक विकायला, एक घरात खायला. मी म्हटलं, अगं, हा लेख महाराष्ट्रात तुझ्याशिवाय कोण लिहिणार? सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आणि चुलाणापाशी वाढलेली मुलगी किती संपादकांना माहीत आहे?

पैसे मिळवून देणाऱ्या लेखनाचा पहिला धागा मला इथं दिसतो. शैली लागतेच, पण संपादक पैसे मोजतो ते त्याला दुसरीकडून न मिळणाऱ्या माहितीसाठी. ‘अॅग्रोवन’ २००५ मध्ये निघाला तेव्हा शेतीवर रोजचं वर्तमानपत्र चालेल यावर अनेकांचा विश्वास नव्हता. तिथं लिहिणाऱ्यांत कृषी महाविद्यालयांतले प्राध्यापक आहेत तसे स्वतः बाग राखणारेही आहेत. आपल्या घरातलं, गावातलं, नोकरीतलं जे ज्ञान आपल्याला फार साधं वाटतं, त्याची यादी आधी करावी. परिचारिका असाल तर रात्रपाळी, गिरणीकामगाराच्या घरातले असाल तर चाळीचा पुनर्विकास, बँकेत असाल तर शेतकऱ्याच्या कर्जाची फाइल टेबलावरून टेबलावर कशी जाते ते.

मग टिपण. कथा-कविता पूर्णच पाठवावी लागते, तिथं दुसरा मार्ग नाही. पण माहितीपर किंवा फिरून लिहायचा लेख आधी पूर्ण लिहू नये. दीडशे शब्दांचं टिपण पाठवावं: विषय काय, तो आत्ताच का, मी कुणाकुणाशी बोलणार, कुठं जाऊन बघणार, किती शब्दांत आणि कोणत्या तारखेला देणार, आणि हे लिहायला मीच का. शेवटी एक ओळ: आपल्याकडं या लांबीच्या लेखाला मानधन किती असतं आणि ते कधी मिळतं, ते कळवावं. ही ओळ टंकताना हात अडखळतो. माझाही दहा वर्षं अडखळत होता. तीस हजार शब्द बिनमोबदला लिहून दिल्यावर एकदाचा सुटला.

टिपण पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे चार अंक वाचायला हवेत. वाचनालयात बसून, पहिल्या पानापासून. आतल्या पानावर बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता छापलेला असतो. कायद्यानं तो छापावाच लागतो. लेखकानं सगळ्यात आधी ती चौकट वाचावी. ज्या अंकावर ती नाही, त्याला लेख देऊ नये. साप्ताहिक पुरवण्यांना सात-आठशे शब्द लागतात, दिवाळी अंकाला अडीच ते चार हजार. पुरवणीचं मानधन लहान असतं पण बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत बँकेत जमा होतं, आणि सदर मिळालं तर वर्षभराची एक बारीक धार सुरू राहते.

सरकारी आणि निमसरकारी दारं नवे लेखक ठोठावत नाहीत, याचं मला नवल वाटतं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि मुलांसाठी लिहिणाऱ्याला मानधन देतं. मराठी विश्वकोशासाठी जाणकारांकडून नोंदी लिहून घेतल्या जातात. एखाद्या विषयात पदव्युत्तर शिक्षण झालेल्या, नेमकं लिहिणाऱ्या माणसाला तिथं काम आहे आणि नोंद लिहिता लिहिता भाषेला जी शिस्त लागते ती जन्मभर पुरते. आकाशवाणीचा व्यवहार मला सर्वांत आवडतो. ध्वनिमुद्रणाच्या आधी करारपत्र हातात येतं, त्यावर रक्कम लिहिलेली असते, त्यावर सही करून मगच माइकसमोर बसायचं. रक्कम मोठी नसते. पण १९९९ मध्ये मी त्या कागदावर सही केली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की पैशाचं आधी बोलल्यानं लेखनाचा मान कमी होत नाही.

आता शब्दांकनाकडं येते, कारण माझ्या घराचं निम्मं भाडं इतकी वर्षं त्यातूनच निघालं आणि त्याबद्दल साहित्यातले लोक फार कमी बोलतात. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत एक सहकारी बँक आहे, एक जुनी शिक्षणसंस्था आहे, साखर कारखाना आहे, नाहीतर दूध संघ. त्यांची पंचविशी, पन्नाशी, शतक येतं. स्मरणिका निघते, गौरवग्रंथ निघतो. संस्थापकांचं आत्मचरित्र हवं असतं आणि संस्थापक ८२ वर्षांचे असतात, त्यांना बोलता येतं, लिहिता येत नाही. तिथं लेखक लागतो. छपाईला लाखो रुपये बाजूला काढलेले असतात, लेखकाची तरतूद मात्र कुणी केलेली नसते, कारण गावातल्या मराठीच्या सरांना सांगू असं त्यांनी धरलेलं असतं.

पहिलं असं काम मी १२,००० रुपयांत घेतलं. एका संस्थेचा सुवर्णमहोत्सवी ग्रंथ. दोन महिने धरले होते, सात लागले. संचालक मंडळातल्या प्रत्येकाला आपला फोटो मोठा हवा होता आणि आपल्या काळातला निर्णय पहिल्या प्रकरणात हवा होता. चौथ्यांदा सगळं नव्यानं लिहिलं तेव्हा मला बारा हजार भागिले सात हे गणित करायचं धाडस होईना. पुढच्या कामापासून मी तीन हप्ते ठरवायला लागले: कामाच्या आरंभी एक, पहिला खर्डा दिल्यावर एक, छपाईला जाण्याआधी एक. किती वेळा दुरुस्त्या करून देणार तेही लिहून घ्यायचं, दोनदा. तिसऱ्यांदा वेगळे पैसे. मुलाखती किती, प्रवास कुणाच्या खर्चानं, नाव कुठं छापणार, तेही. दर सांगताना शब्द मोजत नाही, दिवस मोजते. महिन्याला घर चालवायला किती लागतात, महिन्यात लिहायचे दिवस किती, त्यावरून एका दिवसाची किंमत काढते आणि कामाचे दिवस जेवढे वाटतात त्याच्या दीडपट धरते. लातूरचे एक निवृत्त शिक्षक अशाच ग्रंथांची कामं करतात. त्यांनी मला सांगितलं, की हप्त्यांची पद्धत सुरू केल्यावर एक काम हातचं गेलं, पण उरलेल्यांनी न कुरकुरता पैसे दिले. ठेकेदाराला हप्त्यानंच देतात की, त्यांना त्यात नवं काही नसतं.

हे काम कमी प्रतीचं आहे असं मला वाटत नाही. दुष्काळात चारा छावणी चालवणारा अध्यक्ष, सुईण म्हणून सुरुवात करून दवाखाना उभा करणारी बाई, यांची आयुष्यं मी जवळून ऐकली. माझ्या स्वतःच्या कथांमधली माणसं त्या मुलाखतींच्या टेपांतूनच आली आहेत.

अनुवादाचं चित्र मिश्र आहे. पुस्तकांच्या अनुवादाला प्रकाशक एकरकमी देतात किंवा पानावर, काही थोडे जण विक्रीवर टक्केवारी देतात. शक्य असेल तिथं टक्केवारीचा आग्रह धरावा, आणि अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर हवं हे सहीच्या आधी सांगावं. कंपन्यांचा, सरकारी योजनांचा, आरोग्यसंस्थांचा मजकूर एजन्सींमार्फत येतो आणि दर शब्दावर असतो. ५० पैशांपासून २ रुपयांपर्यंत सगळे दर मी स्वतः घेतलेले आहेत. ५० पैशांत जगता येत नाही, हे इथं आधीच सांगते. गेल्या दोन-तीन वर्षांत नवं काम आलं आहे: यंत्रानं केलेला अनुवाद दुरुस्त करून द्या. दर निम्मा. माझ्या ओळखीच्या एका अनुवादिकेनं आठवडाभर वही ठेवली. यंत्राचं मराठी सरळ करायला तिला नव्यानं अनुवाद करण्याइतकाच वेळ लागत होता, वर कान बिघडत होता तो वेगळा. तिनं ती वही एजन्सीला दाखवली आणि कामाचा दर तासावर करून घेतला. आपल्या वेळेची नोंद समोर ठेवली की बोलणं सोपं होतं.

वेबसाइट आणि श्राव्य माध्यमांनी दार थोडं रुंद केलं, हे मान्य करायला हवं. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आलं तेव्हा पहिल्यापासून मराठी त्यात होती आणि ऐकण्यासाठी म्हणून मुद्दाम लिहिलेल्या मराठी मालिका निघाल्या. त्याच वर्षी ‘बीबीसी मराठी’ सुरू झालं. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ ग्रामीण भारतावरचे लेख मराठीसह अनेक भाषांत देतं. अशा ठिकाणी स्थानिक बातमीदारी येणाऱ्या, फोटो काढू शकणाऱ्या माणसाचं टिपण वाचलं जातं. वाचकांनी थेट वाचायच्या ‘प्रतिलिपि’सारख्या जागी मात्र पैसे वाचकसंख्येवर अवलंबून असतात, रोज एक भाग, महिनोन्‌महिने, अशी तयारी असेल तर तिकडं वळावं, नाहीतर ते सरावाचं मैदान समजावं. मजकूर पुरवणाऱ्या छोट्या कंपन्या आठवड्याला पंधरा लेख मागतात आणि नाव देत नाहीत. सुरुवातीला सहा महिने करायला हरकत नाही. त्याहून जास्त केलं की स्वतःचं वाक्य हरवतं, हे मी दोन हुशार मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

मालिकांचं जग मला आतून थोडंच माहीत आहे. तिथं पैसे भागावर मिळतात, इतर कुठल्याही मराठी लेखनापेक्षा जास्त मिळतात, आणि ते हातात यायला अनेकदा ९० दिवस लागतात. गोरेगावला राहणाऱ्या एका संवादलेखकानं सल्ला दिला: तीन महिन्यांचं भाडं गाठीला असल्याशिवाय मुंबईत येऊ नका, आणि कथाकल्पना कुणाला ऐकवण्याआधी मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं तिची नोंद करा.

फसवणुकीबद्दल एकच खूण पुरेशी आहे. काम देणारा आपल्याकडं पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. ‘घरबसल्या मजकूर टाइप करा, महिन्याला ३०,००० मिळवा’ अशी जाहिरात असते. आधी नोंदणीचे पैसे घेतात, मग चुका काढून वकिलाच्या नोटिशीची भीती घालतात. साहित्याच्या नावानंही हे चालतं. प्रातिनिधिक काव्यसंग्रहात आपल्या कवितेसाठी हजार रुपये भरा, पाच प्रती विकत घ्या. पुरस्कारासाठी प्रवेशशुल्क आणि वर समारंभाला स्वखर्चानं या. दिवाळी अंकात कथा छापू, एक जाहिरात मिळवून द्या. कोकणातल्या एका शिक्षिकेनं असा ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार मिळवण्यासाठी मंगळसूत्रातली वाटी मोडली, ही हकिकत तिनं मला स्वतः सांगितली. त्या माणसांचा मला संताप येतो. लिहिणाऱ्याच्या छापून येण्याच्या भुकेवर ते जगतात.

आणि आता कायदा. तो लेखकाच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या, बाहेरून लिहिणाऱ्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतः असतो. लेख छापला म्हणून हक्क संपादकाकडं जात नाहीत. हक्क द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, कलम १९ प्रमाणे, आणि त्या कागदावर मोबदल्याचा उल्लेख हवा असंही तेच कलम सांगतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट केली: करार झाला तेव्हा जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचे हक्क त्या करारातून जात नाहीत, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं टिकतो. म्हणजे आज ५०० रुपयांत दिलेल्या कथेचा श्राव्य हक्क, अनुवादाचा हक्क, चित्रपटाचा हक्क उद्या नातवंडांच्या कामी येऊ शकतो. तो नकळत सहीत जाऊ देऊ नये.

‘सर्व हक्क सर्व माध्यमांत कायमचे’ असं वाक्य असलेला फॉर्म हल्ली सर्रास येतो. मी त्यावर रेघ मारते आणि वर लिहिते: ‘या अंकात एकदा छापण्यापुरता.’ आजवर बहुतेकांनी ते निमूट मान्य केलं. पुष्कळदा तो फॉर्म कुठूनतरी उचललेला असतो, त्यांनीही तो वाचलेला नसतो. मोठा करार नसला तरी ई-मेल चालतो. फोनवर ठरलं की संध्याकाळी मी एक पत्र पाठवते: आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक विषयावर इतक्या शब्दांचा लेख अमुक तारखेला देईन, मानधन इतकं, लेख मिळाल्यापासून इतक्या दिवसांत. समोरून ‘ठीक’ एवढंच आलं तरी पुरे. लेखासोबत बिल पाठवते, त्यावर क्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील. बिल गेलं की संस्थेच्या हिशेबनीसाला ते नोंदवावं लागतं आणि लेखक मुद्रकाच्या रांगेत येऊन उभा राहतो. उद्यम नोंदणी केलेल्या लहान सेवा व्यावसायिकाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. मी ती नोंदणी केली आहे, बिलावर क्रमांक छापते, आणि तगादा लावायची वेळ खूप कमी झाली.

कराचं थोडक्यात. एकाच संस्थेकडून वर्षात मिळणारी व्यावसायिक फी ठरावीक मर्यादेपुढं गेली की १० टक्के कापून उरलेली मिळते. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा ३०,००० वरून ५०,००० झाली. कापलेला पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरलं की देय करातून वजा होतो किंवा परत मिळतो. पॅन दिला नाही तर मात्र दुप्पट कापतात. अनेक लेखक विवरणपत्रच भरत नाहीत आणि आपलेच पैसे सरकारजमा राहू देतात.

विनामोबदला मी लिहीत नाही असं नाही. दोन लहान नियतकालिकांना वर्षानुवर्षं लिहिते. त्यांचे संपादक स्वतःच्या निवृत्तिवेतनातून अंक काढतात, जाहिराती घेत नाहीत आणि पहिल्या पत्रातच सांगतात की पैसे देता येणार नाहीत. त्यांनी आधी सांगितलं म्हणून मला ठरवता आलं.

कराडच्या मुलीनं मे महिन्यात गुऱ्हाळावरच्या लेखाचं टिपण लिहिलं. मला दाखवलं तेव्हा ते चारशे शब्दांचं होतं. कापून दीडशेवर आणलं. मानधनाची ओळ तिनं लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. त्यांना राग आला तर? नवीन मुलगी आणि आधीच पैशाचं विचारते म्हणाले तर? तीन दिवस ते पत्र तसंच पडून होतं. चौथ्या दिवशी दुपारी तिनं ते पाठवलं आणि मला कळवलं. वीस मिनिटांनी पुन्हा तिचा फोन आला. मागं गुऱ्हाळाच्या इंजिनाचा आवाज होता, म्हणून ती मोठ्यानं बोलत होती. संपादकांचं उत्तर आलं होतं: विषय हवा आहे, तीन हजार शब्द, १५ जुलैपर्यंत, मानधन ४,००० रुपये, अंक निघाल्यावर महिन्याभरात, बँकेचा तपशील कळवा.

“ताई,” ती म्हणाली, “त्यांना राग नाही आला.”